हात सुटतील तो वेग

फिजिओथेरपीच्या कामात एखादे आजोबा किंवा आजी ट्रेडमिलवर चढले की माझं लक्ष पायांच्या आधी हातांकडे जातं. समोरचं हँडल दोन्ही मुठींनी आवळलेलं, कोपरं ताठ, खांदे कानांना भिडलेले, कंबर मागे राहिलेली आणि नजर स्क्रीनवरच्या आकड्याला चिकटलेली. आकडा असतो ताशी ४.५ किमी, आणि रोज साडेचारच्या स्पीडने अर्धा तास चालतो असं सांगण्यात अभिमानही असतो. प्रत्यक्षात पट्टा पाय मागे ओढत असतो, माणूस ते कसेबसे पुढे आणून टाकत असतो आणि अंगाचा बराचसा भार हँडलने उचललेला असतो. घरच्यांनी, सोसायटीच्या जिममधल्या पोरांनी, ओळखीच्या चार जणांनी त्यांना एकच गोष्ट बजावलेली असते, की काहीही झालं तरी घट्ट धरा. इतकी वर्षं ज्येष्ठांना चालवण्याचं काम करताना माझं मत मात्र बरोबर उलट होत गेलं आहे. जो माणूस घरात काठीशिवाय हिंडतो-फिरतो, त्याच्यासाठी ट्रेडमिलवरचा योग्य वेग तोच, ज्या वेगाला त्याचे हात सुटतात. हात सुटत नसतील तर वेग कमी करायचा, पकड वाढवायची नाही. सुरक्षितता आणि परिणाम या दोन्ही अंगांनी मला हेच पटतं.

परिणामाचं आधी पाहू, कारण तिथला पुरावा सगळ्यात स्वच्छ आहे. आपल्याकडे जिला टीएमटी म्हणतात ती हृदयाची स्ट्रेस टेस्ट बहुतेक ठिकाणी सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने होते. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्याच टप्प्यात ताशी २.७ किमी वेग आणि १० टक्के चढ असतो. या टेस्टबाबत एक गोष्ट जुनी आणि पक्की आहे. रुग्ण हँडलवर रेलला तर तो जास्त टप्पे पार करतो, पण त्याच्या शरीराने वापरलेला ऑक्सिजन त्या टप्प्यांच्या हिशेबापेक्षा कमी भरतो. रिपोर्टवर ‘मेट्स’चा, म्हणजे श्रमाच्या मोजमापाचा, आकडा फुगतो आणि हृदयाची क्षमता आहे त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणून जाणता तंत्रज्ञ रुग्णाला सांगतो, बोटं नुसती टेकवा, लटकू नका. घरातल्या ट्रेडमिलवर असं सांगणारं कोणी नसतं. तिथला कॅलरीचा आकडा वेग, चढ, वेळ आणि फार तर तुम्ही भरलेलं वजन एवढ्यांवरून काढलेला असतो. तुमच्या वजनातला किती वाटा हातांनी तोलून धरला आहे, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. चढ लावून मागे झुकून हँडलला लोंबकळणाऱ्यांचा हिशेब तर आणखी फसवा, कारण अंग पट्ट्याशी काटकोनात मागे कललं की लावलेला चढ जवळपास वाया जातो.

पकडीचे इतरही तोटे आहेत. हात बांधले गेले की त्यांचा झोका थांबतो, झोका थांबला की धडाचा पीळ थांबतो आणि पावलं आखूड पडतात. ज्येष्ठ माणूस पट्ट्यावर एरवीही आखूड आणि भरभर पावलं टाकतो. पकडीने त्यात भर पडते. सतत मूठ आवळून ठेवणं हा स्नायू ताणून धरण्याचा व्यायाम आहे आणि त्याने रक्तदाब वाढतो, ही बाब ब्लडप्रेशर असलेल्यांनी तरी मनावर घ्यावी. शिवाय ज्यांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह आहे, त्यांना नुसती नजर खाली वळवून बघितलं की पट्टा आणि पाय धूसर दिसतात, मग घाबरून पकड आणखी घट्ट होते.

आता हात का सुटत नाहीत ते पाहू, कारण त्यामागची भीती अगदीच निराधार नाही. जमिनीवर चालताना भिंती, झाडं, माणसं मागे सरकताना दिसतात आणि डोळे, कान आणि पाय या तिघांची साक्ष जुळते. ट्रेडमिलवर पाय सांगतात आपण चाललो आहोत, डोळे सांगतात आपण जागेवर आहोत. मेंदूला हे कोडं सोडवायला वेळ लागतो. तरुण माणूस साधारण पाच-सहा मिनिटांत रुळतो. ज्येष्ठांची चाल मात्र पहिल्या खेपेला पंधरा मिनिटांनंतरही पुरती स्थिर झालेली नसते, असं चालीचं मोजमाप करणाऱ्या अभ्यासात दिसलं आहे. उतरल्यावर उलटा प्रकार होतो, काही क्षण फरशीच पुढे ओढते आहे असं वाटतं. आणखी एक म्हणजे इथे गती चालणाऱ्याच्या हातात नसते. १८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्यूबिट यांनी कैद्यांसाठी पायांनी फिरवायचं चाक आणलं, त्यातही गती चाकाची असायची आणि कैद्याने नुसती पावलं जुळवायची. आजच्या यंत्राला निदान बटण आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते बटण म्हातारपणी खाली दाबायला शिकावं.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो पडण्याचा. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर त्या व्यायामाचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे, पण पडण्याची क्रिया नीट पाहिली तर हँडल तिथे फारसं कामाला येत नाही. पाऊल चुकतं, पट्टा दोन्ही पाय मागे नेतो, आणि ज्याने हँडल गच्च धरलेलं आहे त्याचे हात पुढे, पाय मागे आणि गुडघे पट्ट्यावर, अशी अवस्था होते. पट्टा चालूच असतो आणि कातडी सोलून निघते. वाचवते ती सेफ्टी की, कपड्याला चिमट्याने लावलेली ती लाल दोरी. माणूस मागे गेला की ती निघते आणि यंत्र थांबतं. माझ्या पाहण्यात हँडल सगळे धरतात आणि दोरी क्वचित कोणी लावतं. बऱ्याच घरांत ती यंत्रालाच कायमची अडकवलेली असते आणि तिचा चिमटा हवेत लोंबत असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेग. ताशी २ किमीला पाऊल चुकलं तर सावरायला वेळ मिळतो, साडेचारला मिळत नाही. हात धरल्यामुळे आपल्याला न झेपणाऱ्या वेगाला जाण्याचं धाडस येतं, आणि मला धोका वाटतो तो तिथे. मात्र हे सगळ्यांना लागू करू नये. पक्षाघातानंतर, पार्किन्सनमध्ये, पायांची संवेदना गेलेल्या मधुमेहात, किंवा जमिनीवरच ज्यांना काठी-वॉकर लागतो त्यांच्यासाठी हँडल हवंच, बरोबर प्रशिक्षित माणूस हवा, काही ठिकाणी अंगाला छतावरून बांधलेला आधाराचा पट्टाही हवा. पार्किन्सनमध्ये ट्रेडमिलने चालीचा वेग सुधारतो असं चाचण्यांत दिसलं आहे, पण तो उपचार आहे, त्याचे नियम वेगळे.

हात सोडणं ही एका दिवसात करायची गोष्ट नव्हे, आणि त्याची सुरुवात पट्ट्यावर होतच नाही. आधी स्वतःचा जमिनीवरचा वेग माहीत हवा. हल्लीच्या घरांत बहुधा दोन फुटी फरशा असतात. सरळ रेषेत सात फरशा म्हणजे चौदा फूट, सव्वाचार मीटर. दोन फरशा आधीपासून नेहमीच्या चालीने निघायचं आणि मधल्या सात फरशांना किती सेकंद लागले ते कोणाला तरी मोजायला सांगायचं. पाच सेकंद लागले तर तुमचा वेग ताशी ३ किमीच्या आसपास आहे, सात लागले तर सव्वादोनच्या. पट्ट्यावर पहिले काही दिवस याच्या निम्म्याने चालावं. चढताना उभं राहायचं ते पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या स्थिर कडांवर, फिरत्या पट्ट्यावर कधीच नाही. दोरी कपड्याला लावायची, हँडल धरायचं, यंत्र सुरू करून वेग १ वर ठेवायचा. मग एका पायाने पट्टा दोन-तीनदा मागे ढकलल्यासारखं करायचं, म्हणजे तो किती जोराने येतो याचा अंदाज तळव्याला येतो, आणि मग दोन्ही पाय. इथपर्यंत पकड असावी, अवश्य असावी. चाल लागली की मुठी उघडायच्या आणि तळवे टेकवायचे. काही दिवसांनी चार बोटं, मग एका हाताची दोन बोटं, मग एक हात मोकळा सोडून झुलवायचा. शेवटी दोन्ही. नजर समोर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर. मुठी परत मिटायला लागल्या तर वेग ०.२ ने खाली आणायचा, एवढाच नियम. उतरताना पकड पुन्हा हवी. शेवटची पाच मिनिटं हळूहळू वेग उतरवत न्यायची, कारण एकदम थांबलं की पायांत आलेलं रक्त तिथेच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. पट्टा पूर्ण थांबल्यावर अर्धं मिनिट तिथेच उभं राहावं.

दुसरा आक्षेप हटकून पुरुषांकडून येतो. अडीच-तीनच्या स्पीडने कसला व्यायाम होणार? पहिली गोष्ट, ३ हा आकडा हिणवण्याजोगा नाही. २०११ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ जणांच्या नोंदी एकत्र करून चालीचा वेग आणि आयुर्मान यांचा संबंध तपासला गेला. त्यात सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २.९ किमी या वेगाने चालणाऱ्यांचं उरलेलं आयुष्य त्या-त्या वयाच्या सरासरीइतकं निघालं. दुसरी गोष्ट हिशेबाची. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या समीकरणानुसार सपाट पट्ट्यावर ताशी ५ किमीने चालताना शरीराला दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ११.८ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, आणि ३ किमीला साधारण ८.५. पण त्याच ३ किमीला ४ टक्के चढ लावला की गरज १२.१ वर जाते. म्हणजे हात सोडून, सावरता येईल अशा चालीने, चार टक्के चढावर चालणारी आजी सपाटीवर पाचने चालणाऱ्याइतकंच काम करते, आणि तिचा पट्टा त्याच्यापेक्षा पुष्कळ हळू फिरत असतो. हृदयाला व्यायाम हवा असेल तर आधी चढ वाढवावा, वेग नंतर. चढही एकेक टक्क्याने, आठवडाभर अंगवळणी पडू देऊन. घरगुती यंत्रांवर बऱ्याचदा टक्क्यांऐवजी ‘लेव्हल’ लिहिलेली असते आणि लेव्हल ४ म्हणजे ४ टक्के असेलच असं नाही, तेवढं पुस्तिकेत पाहून घ्यावं. टाचेमागची शीर किंवा पोटरी दुखत असेल त्यांनी चढ टाळावा. उलट कमरेच्या मणक्यात नस दबल्यामुळे सपाटीवर पाय भरून येणाऱ्यांना थोडं पुढे वाकून चढावर चालणं बरेचदा सोसतं. (बाहेरच्या चालण्याशी बरोबरी व्हावी म्हणून एक टक्का चढ ठेवाच, असा सल्ला जिममध्ये सर्रास देतात. तो धावपटूंच्या वेगावर केलेल्या मोजणीतून आला आहे; आपल्या चालीला त्याचा संबंध नाही.)

व्यायाम पुरेसा होतो आहे का, हे हँडलवरच्या चकचकीत पट्ट्या धरून नाडीचा आकडा पाहून ठरवू नये. एक तर त्यासाठी हँडल धरावं लागतं. दुसरं, २२० वजा वय हे सूत्र सत्तरीला १५० सांगतं, नंतर आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र १५९ सांगतं, आणि माणसामाणसातला फरक याहून मोठा असतो. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, आणि लक्ष्याचा आकडा गाठायच्या नादात माणूस स्वतःला दमवून घेतो. बोलून पाहणं हीच सोपी आणि भरवशाची कसोटी. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता यावं, पण अभंगाची चाल लावून म्हणायला गेलं तर दम पुरू नये. चाल लावून गाता आलं तर चढ एक टक्का वाढवा, वाक्य मधेच तुटलं तर कमी करा. छातीत जखडल्यासारखं, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काही झालं तर थांबून डॉक्टरांकडे जायचं. मधुमेहींमध्ये हृदयाची तक्रार छातीत न दुखताही येते, म्हणून त्यांनी नुसत्या धापेलाही मान द्यावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर ठेवावी.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. इतका खटाटोप कशाला, बागेत चालावं की! जरूर चालावं. बागेत वळावं लागतं, खड्डा चुकवावा लागतो, समोरून आलेल्याला वाट द्यावी लागते, आणि म्हातारपणी पडण्यापासून वाचवणारं शिक्षण हेच आहे. ट्रेडमिलवर यातलं काही नाही. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ मधल्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं निघालं, पण ते श्रेय मुख्यतः तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांचं. नुसत्या चालण्याचा फायदा होतो की नाही हे त्यातून ठरलं नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली एक चाचणी आणखी बोलकी आहे. पाच देशांतले ६० ते ९० वयाचे, आधी पडलेले ३०२ लोक सहा आठवडे ट्रेडमिलवर चालले. निम्म्यांसमोर पडद्यावर अडथळे, डबकी, अरुंद वाटा येत होत्या आणि त्यानुसार पाऊल उचलावं लागत होतं. उरलेले नुसते चालले. अडथळे पार करणाऱ्यांचं सहा महिन्यांतलं पडणं माणशी सरासरी ११.९ वरून ६ वर आलं, नुसत्या चालणाऱ्यांचं १०.७ वरून ८.३ वरच थांबलं. तेव्हा ट्रेडमिल हे हृदय, फुप्फुसं आणि पायांच्या दमाचं यंत्र आहे, तोलाची कमाई वेगळी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते ते यासाठीच. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावून पॅसेजमध्ये चालणं, एवढं पुरे. पण मुंबई-पुण्यात पावसाळ्याचे चार महिने शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकी आणि कुत्री यांतून ज्येष्ठांना बागेपर्यंत जा म्हणणं मला जमत नाही. आणि एका दुखण्यात तर ट्रेडमिल बागेपेक्षा सरस आहे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे चालताना पोटरीत पेटके येणाऱ्यांना देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, दुखेपर्यंत चालणं, थांबणं, परत चालणं असा कार्यक्रम देतात. तिथे वेग आणि चढ मोजून ठेवता येणं हाच उपचार असतो.

घरातल्या मांडणीबद्दल फार बोलायला नको, पण एक गोष्ट जीवावरची आहे. फ्लॅटमध्ये जागा वाचवायला ट्रेडमिलचं मागचं टोक भिंतीला किंवा पलंगाला भिडवून ठेवतात. मागे फेकला गेलेला माणूस मग भिंत आणि चालता पट्टा यांच्यामध्ये अडकतो. मागे दोन मीटर, बाजूंना अर्धा मीटर मोकळं हवं; तेवढी जागा नसेल तर यंत्र घेऊ नये. आजी गाऊनवर आणि आजोबा स्लीपरवर चढतात, दोन्ही बंद. सलवार किंवा ट्रॅकपँट आणि टाच धरून ठेवणारे बूट, ओढणी-पदर बाजूला. वीज गेली की पट्टा एकदम थांबतो, म्हणून ज्या गावात ती बेभरवशाची आहे तिथे वेग आणखी कमी. नातवंडं घरात असतील तर वापर संपल्यावर सेफ्टी की काढून उंचावर ठेवायची. २०२१ मध्ये पेलोटॉन या कंपनीने अमेरिकेत आपली ‘ट्रेड प्लस’ ट्रेडमिल यंत्रं परत मागवली ती एका लहान मुलाचा मृत्यू आणि अनेक अपघात झाल्यावर.

परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून आई-वडिलांसाठी ट्रेडमिल मागवणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती आहे. मोटर किती हॉर्सपॉवरची आणि स्पीड अठरापर्यंत जातो का, हे विचारू नका. त्यांना तो कधीच लागणार नाही. सुरुवातीचा वेग १ किंवा त्याहून कमी आहे का, बाजूचे हँडल मागेपर्यंत लांब आहेत का, पट्टा रुंद आणि पायरी बुटकी आहे का, थांबवायचं बटण चष्म्याशिवाय सापडतं का, हे विचारा. आणि ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी त्यांना बूट घालून दुकानात न्या, दहा मिनिटं त्यावर चालू द्या. सेल्समन तीनवर सुरू करेल, त्याला एकवर आणायला सांगा. त्या वेगालाही आईची मूठ उघडत नसेल, तर ते पैसे यंत्राऐवजी दोन महिने घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा.